‘स्वयंवरा’नंतर ‘एकच प्याला’



लोकप्रियता ही मोठी मायावी वस्तू आहे. ती मिळेपर्यंत कलावंत तिच्यामागे धावतो; आणि एकदा मिळाली, की तीच त्याच्यामागे लागते. “काल जे दिलेस तेच आजही दे,” असा तिचा हट्ट असतो. पाश्चात्त्य देशांत तरुणांचे एखादे वाद्यवृंद गोड गाण्यांनी घराघरांत पोचते आणि पुढच्याच ध्वनिमुद्रिकेत काळोखाची गाणी गाते, तेव्हा रसिकांत केवढी खळबळ उडते! पण हे धाडस आपल्याला नवे नाही. मराठी संगीत रंगभूमीने ते १९१९ साली करून दाखविले. त्या धाडसाचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

१९११ च्या मार्च महिन्यात किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. गोविंदराव टेंब्यांच्या चाली आणि भामिनीच्या भूमिकेत नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची लहान मुलगी वारली. तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले. दोन वर्षांनी, १९१३ साली, बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ च्या डिसेंबरात तिने ‘स्वयंवर’ केले. भास्करबुवा बखल्यांचे संगीत आणि बालगंधर्वांची रुक्मिणी! मग काय विचारता? घरंदाज स्त्रिया बालगंधर्वांसारखे नेसू लागल्या, त्यांच्यासारखी वेणीफणी करू लागल्या. शालू, दागिने, अत्तर आणि अखेरीस मंगल विवाह, हे संगीत नाटकाचे समीकरणच होऊन बसले. शोकान्त नाटक ही गद्य मंडळ्यांची मिरास. ‘हॅम्लेट’ पाहावयाचा तो गणपतराव जोशांच्या शाहूनगरवासी मंडळीत; गंधर्वांकडे जावयाचे ते कान तृप्त करून घेण्यासाठी.

अशा या मंडळीच्या हाती राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ पडले.

गडकरी हे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे शिष्य. कोल्हटकर जन्माने नागपूरचे आणि आयुष्य वऱ्हाडात घालविलेले, म्हणजे आपल्याच मुलखाचे. मद्यपानाचा विषय त्यांनीही ‘मूकनायक’ नाटकात हाताळला होता. पण शिष्याने त्या विषयाचा तळ गाठला. आपल्या गोंदियाहून नागपूर गाठावे आणि छिंदवाड्याच्या वाटेने थोडे पुढे जावे, की सावनेर लागते. तेथे २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, गडकऱ्यांचे देहावसान झाले. त्यानंतर अवघ्या अठ्ठावीस दिवसांनी, २० फेब्रुवारीला, बडोद्यास ‘एकच प्याल्या’चा पहिला प्रयोग झाला. तो पाहण्यास नाटककार या जगात नव्हता.

काळही कसा होता पाहा. महायुद्ध नुकतेच संपलेले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने गावेच्या गावे ओस पाडलेली. पुण्यात १९०८ साली दारूच्या गुत्त्यांवर निरोधन झाले होते. तिकडे अमेरिकेत दारूबंदीच्या घटनादुरुस्तीला १६ जानेवारी १९१९ रोजी, गडकऱ्यांच्या मृत्यूच्या आठवडाभर आधी, पुरेशा राज्यांची मान्यता मिळाली. साऱ्या जगात हा प्रश्न ऐरणीवर होता. पण कायदा दुकान बंद करतो. माणूस पहिला पेला का उचलतो, हे कायद्याला कळत नाही. गडकऱ्यांना ते कळले होते.

त्यांचा सुधाकर कोणी गुंड नव्हे. तो बुद्धिमान, स्वाभिमानी वकील आहे. न्यायालयात मानभंग होतो, सनद काही काळ जाते आणि दुखावलेल्या मनाला तळीराम एक पेला सुचवितो. फक्त एकच! त्या ‘एकच’ शब्दात साऱ्या नाटकाचे विष भरले आहे. कारण दुसरा पेलाही ‘एकच’ असतो आणि विसावाही. पुढे सनद कायमची जाते, घर जाते, सिंधूच्या हाती जाते येते. पोटचे मूल बापाच्याच हातून दगावते. मरताना सिंधू नवऱ्यावर दोष येऊ देत नाही आणि सुधाकर शेवटी विषाचा पेला जवळ करतो. आर्यमदिरामंडळाच्या गमतींना आपण पोट धरून हसतो. हसता हसता आपणही त्या बैठकीत जाऊन बसलो होतो, हे मात्र आपल्या फार उशिरा लक्षात येते.

सुधाकर झाले गणपतराव बोडस. आणि सिंधू? शालूतली भामिनी, पैठणीतली रुक्मिणी आता ठिगळे लावलेल्या लुगड्यात दळण दळू लागली! येथेच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. दुसऱ्या कोणी नटाने ते लुगडे नेसले असते, तर प्रेक्षकांनी एक गरीब बाई पाहिली असती. बालगंधर्वांनी नेसले, तेव्हा प्रेक्षकांनी आपल्या लाडक्या लेकीची दैना पाहिली. आधीचे वैभव या काळोखाच्या आड आले नाही. त्या वैभवामुळेच काळोख गडद दिसला. यशाची पुंजी मंडळीने मखमलीत गुंडाळून ठेवली नाही, ती पणाला लावली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाकाऊ नाही. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची, चालींत सुंदराबाईंचा मोठा हात आणि गळा बालगंधर्वांचा. मग दुःख बोचेल कसे? सिंधू जात्यावर बसून गाते आणि प्रेक्षक ‘वन्समोअर’ देतात! दुःखाला वन्समोअर देणे, म्हणजे दुःख न ऐकणेच नव्हे काय? मला वाटते, गाण्याने प्रेक्षकांना त्या घरात नेले, हे खरे; पण घरात शिरल्यावर काय पाहावयाचे, ते ज्याने त्याने ठरविले. काहींनी घर पाहिले, काहींनी केवळ सूर ऐकला. कडू औषधाला मध लावून दिले, तर मधच चाटून उठणारा रोगीही असतोच.

दुसरा आक्षेप सिंधूच्या सोशिकपणाचा. ती मारही सोसते आणि मारणाऱ्याला वाचवितेही. या आक्षेपाचे उत्तर पुस्तकात नाही, ते आपल्या शेजारी आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली ती गावोगावच्या लोकांच्या, विशेषतः बायकांच्या चळवळीतून. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली, म्हणजे वाद संपलेला नाही. पण सिंधूने जे मुकाट्याने सोसले, ते सोसण्यास या बायांनी नकार दिला. गडकऱ्यांच्या नाटकाचा सहावा अंक कोणी लिहिला असेल, तर तो त्यांनी.

आणि आपण गोंदियाकर? धानाची कापणी उरकली, की आपल्या झाडीपट्टीत रात्ररात्र नाटके चालतात. अर्जुनी-मोरगावाकडचा शेतकरी थंडीत कांबळे पांघरून पहाटेपर्यंत बसतो. तेथेही गाणी असतात, विनोद असतो आणि व्यसनाने मोडलेल्या संसाराचे दुःखही असते. नाटक मंडळ्या आपला मान ठेवतात, आपल्याला हसवितात. परंतु त्यांच्यातला कोणी उद्या हसविणे थांबवून आपल्यापुढे आपलेच घर मांडू लागला, तर आपण तिकीट परत मागणार की बसून राहणार?

१९१९ च्या प्रेक्षकांनी तिकीट परत मागितले नाही. ‘स्वयंवर’ पाहणारे तेच लोक सिंधूसाठी रडले आणि पुन्हा पुन्हा आले. कलावंताचे धैर्य आपण नेहमी वाखाणतो. पण त्या धैर्याला जागा देणारा प्रेक्षक नसेल, तर ते धैर्य नाट्यगृहाच्या दाराशीच मरते. ती जागा देणे आपल्या हाती आहे.