बाळंतिणीच्या खोलीत

आमच्या अम्मीला कुणी विचारलं, "मुलं किती?" की ती म्हणायची, "चार हैं. और एक अल्ला के पास है." तो एक माझ्या पाठचा. पाच दिवसांचा होऊन गेला. सातव्या दिवशी अकीका व्हायचा होता, म्हणून त्याचं नाव ठेवायचंही राहून गेलं. त्याच्या जन्माची नोंद कुठं नाही, मरणाचीही नाही. मी तेव्हा चार-पाच वर्षांचा असेन. मला आठवतो तो दाराला लावलेला पडदा, आतून येणारा शेगडीचा धूर, ओव्याचा वास आणि आत डोकावलो म्हणून दाईनं उगारलेला हात.

आमच्याकडे चाळीस दिवसांचा छिल्ला, शेजारच्या घरी सव्वा महिना. नावं वेगळी, खोली मात्र एकच. अंधारी, धुरकट, दार ओढून घेतलेली. नजर लागू नये, वारा लागू नये म्हणून केलेला तो बंदोबस्त. त्यात माया होती, आणि बाळंतिणीला विसावा मिळायचा, हेही खरं. पण त्या पडद्याआड बाळ दूध ओढेनासं झालं, गार पडलं, धाप लागली, तर ते बाहेर कुणाला कळायचं नाही. कळायचं तेव्हा सगळं आटोपलेलं असायचं. 'आलं होतं, गेलं' एवढ्यावर घर गप्प व्हायचं.

हा पडदा बाजूला सारण्याचा एक मोठा उद्योग आपल्याच महाराष्ट्रात झाला आणि तोही अशा जिल्ह्यात, जिथं बदली झाली की सरकारी नोकर ती रद्द करायला मंत्रालयात धावत. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्यानं १९८६ मध्ये तिथं 'सर्च' ही संस्था काढली. गावातल्या माणसांच्या हातीच आरोग्याचं काम सोपवायचं, ही कल्पना अगदी नवी नव्हती. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या बायांना हाताशी धरून ते करून दाखवलं होतं. गडचिरोलीत आणखी एक गोष्ट घडली. तिथं मोजायला सुरुवात झाली. प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू गावोगाव जाऊन लिहिला जाऊ लागला.

मोजल्यावर दिसलं की मुलं मोठ्या संख्येनं न्यूमोनियानं जात होती. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती, हे मोजावं लागतं. पण ज्या सुइणीला वीसच्या पुढं मोजता येत नाही, तिनं काय करायचं? त्यासाठी डॉ. बंगांनी एक साधं उपकरण बनवलं. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि शेजारी मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यावर आलात, तर बाळाला औषध द्यायचं. मी कवी माणूस, यंत्रांतलं मला फारसं कळत नाही. पण या मण्यांबद्दल वाचलं तेव्हा मला तसबीह आठवली. अक्षरओळख नसलेली माझी नानी बोटांवर मणी सरकवत शंभरापर्यंत बिनचूक जायची. अडाणी बाईला मोजता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी तिचा हात कधी पाहिलाच नसावा.

न्यूमोनियाचे मृत्यू घटले. या कामाचा अहवाल १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पण जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू उरलेच. ते घडत होते त्या बंद खोलीत. मग ३९ गावांत प्रत्येकी एक बाई निवडली गेली. गावातलीच, पाचवी ते दहावी शिकलेली. तिला 'आरोग्यदूत' म्हणू लागले. १९९५-९६ च्या वर्षात या बायांनी ७६३ नवजात बाळं घरोघर जाऊन पाहिली आणि जे लिहून आणलं ते वाचून आजही पोटात खड्डा पडतो. शंभरात बेचाळीस बाळं जन्मतः कमी वजनाची. निम्म्याहून अधिक बाळांना दवाखान्याची गरज पडावी असा आजार. आणि प्रत्यक्ष डॉक्टरपर्यंत पोचलेली? शंभरात तीनसुद्धा नाहीत.

बाळाला दवाखान्यात नेता येत नसेल तर दवाखान्याची विद्या बाळापाशी नेऊ, असा उलटा विचार इथं झाला. आरोग्यदूत गरोदर बाईच्या घरी आधीपासून जाई. पोट भरून जेव, बाळ फार मोठं होईल म्हणून घास आखडू नको, हे सांगे. बाळंतपणाच्या वेळी सुइणीच्या शेजारी बसे. बाळ रडलं नाही तर पूर्वी थाळी वाजवत, वार शेकत. आता ती बाळाच्या नाकातोंडावर मास्क बसवून हातातल्या पिशवीनं हवा भरी. पुढं महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी फेरी. झोळीत घालून वजन, तापमापक, चीक टाकू न देता पाजायला लावणं, अशक्त बाळासाठी उबदार पिशवी. आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर, आईबापांच्या संमतीनं, जेंटामायसिनचं इंजेक्शन.

या सुईवरून वाद झाला. सातवी शिकलेली बाई चार-पाच दिवसांच्या बाळाला इंजेक्शन देणार? प्रश्न चुकीचा नव्हता. सुई चुकली तर जबाबदार कोण, हे विचारायलाच हवं. पण सुई न दिल्यानं जे बाळ गेलं, त्याचा जबाब कुणाकडे मागायचा? तो कुणी मागत नव्हता, कारण ते बाळ कागदावर नव्हतंच.

उत्तर आकड्यांनी दिलं. १९९३ ते ९५ दरम्यान या गावांत हजारी ६२ नवजात दगावत होते. काम सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ वर आला. शेजारच्या, ही सेवा नसलेल्या ४७ गावांत तो साठच्या आसपासच राहिला. डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. पुढं २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल निघाला. राज्यातले कितीतरी बालमृत्यू सरकारी दप्तरात नोंदलेच जात नाहीत, असं त्यात दाखवलं होतं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं नवजात बाळासाठी गृहभेटी कराव्यात असं संयुक्त निवेदन काढलं. २०११ मध्ये भारत सरकारनं हे काम देशभरातल्या आशाताईंवर सोपवलं. सुई मात्र त्यांच्या हाती दिली नाही.

२०२० च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर हजारी ११ होता. याचं श्रेय एकट्या गृहभेटींना देणं बरोबर नाही. बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, रस्ते झाले, मुली शिकल्या. पण दवाखान्यातून बाळ दोन-तीन दिवसांत घरी येतं आणि मग तीच खोली, तीच शेगडी. तिथवर कोण जातं? आशाताई जाते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला आणि २०२३ मध्ये त्याच आशा महाराष्ट्रात मानधनासाठी संपावर होत्या. त्यांना आपण 'स्वयंसेविका' म्हणतो. शब्द गोड आहे. कवीला शब्दांचा संशय येतो तो असा कधीतरी.

मध्यंतरी भाचीच्या घरी गेलो होतो. बाळ तिसऱ्या दिवसाचं. आशाताई आली, चपला बाहेर काढल्या, साबणानं हात धुतले, ते वाळू दिले आणि पडदा सारून आत गेली. कुणी अडवलं नाही. उलट भाचीच्या सासूनं आधीच तिच्यासाठी चहा टाकला होता. ताईनं बाळ झोळीत घालून काटा उचलला: दोन किलो सहाशे. मग ओटीवर बसून वही उघडली आणि मला विचारलं, "मामू, नाव काय लिहू?" अकीक्याला अजून चार दिवस होते. मी तसं सांगितलं. "बरं," म्हणाली आणि आईचं नाव लिहून पुढं लिहिलं, 'बाळ'. वजन लिहिलं, तारीख लिहिली, सातव्या दिवशी परत येते म्हणाली.