काट्याला काय ऐकू येते?

रेडिओ केंद्रात काचेपलीकडे बसलेल्या माणसाची नजर बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर कमी आणि समोरच्या मीटरवर जास्त असते. आवाज फार चढला तर फाटतो, फार उतरला तर खरखरीत बुडतो.

या मीटरच्या जन्मामागे एक घोळ आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत रेडिओचे कार्यक्रम टेलिफोन कंपनीच्या तारांवरून गावोगावच्या केंद्रांना जात. मीटर मात्र ज्याचा त्याचा. एकाच आवाजाला इथे एक आकडा, तिथे दुसरा! अखेर सीबीएस, एनबीसी आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून १९३९मध्ये एक सामाईक मीटर ठरवला. तोच व्हीयू मीटर, पिवळसर तबकडीचा. त्याचा काटा मुद्दाम मंद ठेवला होता. आवाज आल्यावर आपल्या जागी पोचायला त्याला सुमारे ०.३ सेकंद लागतात. त्यामुळे बोलण्याची सरासरी तो बरी दाखवतो. तबल्याची थाप मात्र काटा अर्ध्या वाटेत असतानाच वाजून गेलेली असते.

बीबीसीने वर्षभर आधी, १९३८मध्ये, उलट वाट धरली होती. काळ्या तबकडीवर १ ते ७ असे पांढरे आकडे आणि झटकन चढून सावकाश उतरणारा काटा. शिखर निसटू नये आणि माणसाला ते वाचायला सवडही मिळावी, हा हेतू. यंत्राच्या सुरक्षिततेसाठी हे उत्तमच. पण ऐकणाऱ्याला आवाज किती मोठा वाटतो, हे शिखरावरून कसे कळणार? (गंमत पाहा, डेसिबल हे माप ज्या ग्रॅहम बेलच्या नावाने ओळखले जाते, त्याची पत्नी ऐकू शकत नव्हती.)

या उणिवेचा पुढे धंदा झाला. मर्यादा शिखरालाच आहे ना? मग शिखरे दाबायची आणि कुजबुजीसकट सगळे त्यांच्या उंचीला आणून बसवायचे. मीटर म्हणतो, सारे नियमात आहे. घरातला माणूस जाहिरात लागताच रिमोट शोधतो. २००८ साली मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम इतका ठासून भरलेला निघाला, की चाहत्यांनीच तक्रार केली.

२००६मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कानाच्या बाजूने हिशेब मांडला. खर्जापेक्षा वरचे स्वर कानाला जास्त टोचतात, म्हणून मोजतानाही त्यांना जास्त वजन द्यायचे. जाहिरात कार्यक्रमापेक्षा मोठ्याने वाजू नये, असा कायदा अमेरिकेने २०१०मध्ये केला आणि तो डिसेंबर २०१२मध्ये लागू झाला.

२०१०मध्येच युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने या मापाने एक समान पातळी ठरवली आणि कार्यक्रमातली शांतता हिशेबातून वगळली. आम्हा कवींना हे जरा खटकते. शेराच्या दुसऱ्या ओळीआधीचा थांबा हाच तर मुशायऱ्याचा प्राण! पण कारण व्यवहारी आहे. शांतता धरली तर सरासरी खाली येते, आणि त्या सवलतीत उरलेला वेळ खुशाल ओरडता येते.