दुभाष्या कोण असावा?

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यापुढे दप्तरे, बखरी नि ताम्रपट उभे राहतात. पण ज्यांचे नाव दप्तरात हजेरीपटापुरतेच उरले, त्यांचा इतिहास त्यांच्याच तोंडून ऐकावा लागतो. आणि ऐकणाऱ्याची भाषा निराळी असली की मध्ये दुभाष्या लागतो. तो कोण असावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हे.

१९८० साली पूर्व जर्मनी आणि व्हिएतनाम यांच्यात करार झाला नि व्हिएतनामी तरुण-तरुणी तिकडच्या कारखान्यांत जाऊ लागल्या. १९८९ साली बर्लिनची भिंत पडली तेव्हा त्यांची संख्या सुमारे ६०,००० होती. कारखान्यातला दुभाष्या हा त्यांचा आधार. पण गटावर देखरेख करण्याचे कामही पुष्कळदा त्याच्याचकडे असे. कामगार स्त्रीला दिवस गेले तर गर्भपात किंवा मायदेशी परतणे, एवढेच दोन मार्ग तिच्यापुढे असत. पुढे समाजशास्त्राचा अभ्यासक हे विचारायला आला आणि शेजारी तोच जुना दुभाष्या बसला, तर ती बाई काय सांगणार? सगळे ठीक होते म्हणेल नि चहा पुढे करील.

१९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या. मग पश्चिमेकडचा व्हिएतनामी दुभाष्या आणावा काय? तेथे १९७९ पासून ‘काप अनामुर’ जहाजाने समुद्रातून वाचवलेले निर्वासित राहत होते. पण ते बहुतेक दक्षिणेचे, साम्यवादी राजवटीपासून पळालेले. कामगार बरेचसे उत्तरेचे. पहिल्या चार शब्दांतच माणूस कोठला ते उच्चारावरून कळते, आणि जुने युद्ध दोघांच्या मध्ये येऊन बसते.

भाषेची अडचण वेगळीच. व्हिएतनामीत ‘मी’ आणि ‘तू’ यांच्या जागी बहुधा नाती येतात. थोड्या मोठ्या पुरुषाला ती ‘आन्ह’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणते आणि स्वतःला ‘एम’, म्हणजे धाकटे भावंड. आपणही परक्याला दादा म्हणतो, पण स्वतःला ‘मी’च म्हणतो. जर्मनमध्ये त्या धाकटेपणाचे नुसते ‘इश’, म्हणजे ‘मी’, होते. तिचा संकोच टिपणात उतरतच नाही.

आज त्या कामगारांची जर्मनीत वाढलेली मुले दोन्ही भाषा जाणतात. पण जे आईने लेकीला कधी सांगितले नाही, ते लेकीच्या तोंडून परक्याला कसे सांगवेल?

म्हणून दुभाष्या कोठला, नि सांगणाऱ्याचा कोण, हे टिपणाच्या पहिल्याच ओळीत लिहावे. वाचणाऱ्याला मग कळेल की ही साक्ष एकाची नाही, दोघांची आहे.