वळचणीच्या पाण्याला वाट हवी
घराच्या छपराला पत्र्याची झालर आणि पन्हळ बसवताना

मृग नक्षत्र तोंडावर आले की कोकणपट्टीत पूर्वी घरोघरी शाकारणीची लगबग सुरू होई. नळीची कौले उतरवून, झाडून पुन्हा रचली जात. फुटकी कौले बदलली जात आणि गरज असेल तेथे पोफळीच्या दुभंगलेल्या खोडाची पन्हळ लावून वळचणीचे पाणी अंगणाबाहेर काढले जाई. नळीच्या कौलांनंतर मंगलोरी कौले आली, मग सिमेंटचे आणि लोखंडी पत्रे आले आणि शेवटी स्लॅब आला. स्लॅब गळू लागला तेव्हा त्याच्यावर पुन्हा पत्र्याचेच छप्पर चढले. पनवेल तालुक्यातील गव्हाण आणि त्याच्या शेजारी सिडकोने वसवलेला उलवे नोड या पट्ट्यात आज ही सारी स्थित्यंतरे हाकेच्या अंतरावर पाहायला मिळतात. शाकारणी संपली, परंतु छपरावरचे पाणी कोठे जाणार, हा प्रश्न मात्र संपलेला नाही. उलट घरे एकमेकांना खेटून उभी राहिल्याने आणि सभोवार भराव झाल्याने तो अधिक बिकट झाला आहे.

पाणी किती, याचा हिशेब
एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर तेथे एक लिटर पाणी जमते. दहा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद अशा साध्या घराचे छप्पर ८० चौरस मीटरचे असते. तासाला १०० मि.मी. या वेगाने सर कोसळली तर अशा छपरावरून तासाभरात ८ हजार लिटर पाणी खाली येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पावसाची नोंद झाली. तोच पाऊस या छपरावर धरला तर पाणी ७५ हजार लिटरच्या वर जाते.

पन्हळ नसेल तर हे पाणी पागोळ्यांच्या रूपाने वर्षानुवर्षे एकाच रेषेत पडत राहते. जमिनीत चर पडतो, चिखलाचे शिंतोडे भिंतीवर उडतात, जोत्याच्या कडेची माती धुपते आणि ओल पायातून वर चढते. आतल्या भिंतीचा रंग फुगला की आपण रंगाऱ्याला बोलावतो. दोष मात्र बहुधा बाहेर, वळचणीखाली असतो.

झालर कशासाठी?
उतरत्या छपराचे वासे जेथे संपतात, तेथे त्यांची उघडी टोके झाकणारी फळी म्हणजे झालर. फॅब्रिकेटर तिला फॅसिया म्हणतात. जुन्या बंगल्यांतून ती नक्षीदार सागवानी असे. आता तिच्या जागी रंगीत पत्र्याची पट्टी येते. ही पट्टी केवळ शोभेसाठी असते असा समज आहे, तो खरा नाही. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, असे आपण म्हणतो. परंतु आडव्या वाऱ्यात पाऊस पत्र्याच्या कडेखालून आत घुसतो आणि कडेला चिकटून थोडे पाणी मागेही सरकते. ते थेट वाशांच्या टोकांत मुरते आणि लाकूड तेथूनच कुजू लागते. झालर हे पाणी अडवते आणि पन्हळीला मागून आधार देते.

म्हणूनच कुजलेल्या लाकडावर नवा पत्रा ठोकणे हा सर्वांत महाग पडणारा शॉर्टकट होय. आधी वाशांची टोके स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावीत. टोक मऊ लागले तर तेवढा भाग बदलावा, उरलेल्या लाकडाला वाळवीरोधक द्रव्य लावावे आणि मगच पत्रा चढवावा. झालरीची वरची कड छपराच्या पत्र्याखाली सरकवावी. खालची कड बाहेरच्या बाजूस किंचित वळवावी, म्हणजे थेंब मागे न वळता तेथूनच गळून पडतो. लोखंडी ट्रसवरील शेडला हेच तत्त्व लागू आहे. तेथे लाकडाऐवजी कैचीच्या टोकांवरील गंज तपासायचा एवढाच फरक.

पत्रा कोणता घ्यावा?
खाडीकडून येणारे खारे वारे हा या भागातील पत्र्याचा मोठा शत्रू. जस्ताचा मुलामा दिलेला साधा पत्रा स्वस्त पडतो. पण तो घेताना मुलामा किती हे विचारावे. दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असलेला पत्रा हलक्या मुलाम्याच्या पत्र्यापेक्षा कितीतरी अधिक टिकतो. गॅल्व्हल्यूमच्या मुलाम्यात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बहुतांश उरलेले जस्त असते. खाऱ्या हवेत तो साध्या जस्तापेक्षा सरस ठरतो. ॲल्युमिनियमला तांबेरा चढत नाही, परंतु ते मऊ असल्याने शिडी टेकली तरी पोचा पडतो.

धातूंची सरमिसळ टाळावी. ॲल्युमिनियमच्या पन्हळीला साधे लोखंडी खिळे मारले किंवा जस्ताच्या पत्र्यावर तांब्याच्या नळीतील पाणी सोडले, तर सांध्यापाशी धातू झपाट्याने खाल्ला जातो. ओल्या सिमेंटचा गिलावाही जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्हींना अपायकारक आहे. रंगीत पत्रा ग्राइंडरने कापल्यास कडेचा मुलामा जळतो आणि उडालेल्या ठिणग्यांचे कण पत्र्यावर गंजतात. म्हणून तो कात्रीनेच कापून घ्यावा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते ग्राइंडरने कापू नयेत, त्यांची धूळ फुफ्फुसांना घातक आहे.

उतार नजरेने नव्हे, दोरीने
पन्हळ बसवताना होणारी नेहमीची चूक म्हणजे ती छपराच्या कडेला समांतर, नजरेने लावणे. दिसायला सरळ असलेल्या पन्हळीत पाणी तुंबते, पाला कुजतो आणि डेंग्यूच्या डासांना आयतीच जागा मिळते. मीटरला सुमारे पाच मिलिमीटर उतार असावा. दहा मीटर लांबीला तो पाच सेंटिमीटर होतो. एवढा तिरकेपणा डोळ्यांना खुपत असेल तर मध्य उंच ठेवून दोन्ही टोकांकडे अडीच-अडीच सेंटिमीटर उतार द्यावा आणि दोन्ही टोकांना उभे पाइप घ्यावेत. पाण्याच्या नळीने दोन्ही टोकांची पातळी घेऊन, उताराचे माप वजा करून दोरी ताणावी आणि त्या दोरीवरच आधारांच्या खुणा कराव्यात.

आधार किती असावेत, हे पाण्याच्या वजनावर ठरते. १५ सें.मी. रुंद आणि साडेबारा सें.मी. खोल पन्हळ काठोकाठ भरली तर मीटरला जवळपास १९ किलो पाणी धरते. दहा मीटरला १९० किलो. हे वजन झालरीच्या पातळ पत्र्याला पेलणारे नाही. म्हणून आधाराच्या पट्ट्या झालरीतून आरपार वाशांत किंवा कैचीतच स्क्रूने आवळाव्यात आणि दोन पट्ट्यांमध्ये ६० सें.मी.पेक्षा अधिक अंतर ठेवू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा जिल्ह्यात असंख्य घरांचे पत्रे उडाले. वारा कडेपासूनच पत्रा उचलतो, हे ध्यानात ठेवावे.

छपराचा पत्रा पन्हळीत पाच सेंटिमीटरच्या आसपास पुढे यावा. कमी आला तर पाणी मागे जाते, फार पुढे आला तर जोराच्या सरीत ते पन्हळ ओलांडून उडी मारते. आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट : पन्हळीची बाहेरची कड भिंतीकडील कडेपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर खाली ठेवावी. कधीतरी पन्हळ भरून वाहणारच. तेव्हा पाणी अंगणात पडावे, भिंतीत नव्हे.

उन्हाने धातू वाढतो. दहा मीटर ॲल्युमिनियम ४० अंशांच्या फरकाने जवळपास एक सेंटिमीटर लांबते, पोलाद त्याच्या निम्मे. सांधे दोन्ही बाजूंनी घट्ट जखडले तर रिव्हेट उपटतात आणि सीलंट फाटते. म्हणून लांब पन्हळीत एखादा सांधा सरकता ठेवावा. सांध्यातील वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्याच्या आत यावे, म्हणजे पाणी सांध्यात न शिरता त्यावरून वाहते.

उभे पाइप आणि पुढची वाट
पन्हळ मोठी आणि पाइप अपुरा, हे दृश्य सर्वत्र दिसते. भारतीय मानक आयएस २५२७ प्रमाणे, तासाला १०० मि.मी. पाऊस धरला तर १०० मि.मी. व्यासाचा एक पाइप सुमारे ४२ चौरस मीटर छपराला पुरतो, १५० मि.मी. पाऊस धरला तर जेमतेम २८ चौरस मीटरला. आपल्या उदाहरणातील घराच्या प्रत्येक पाख्यावर ४० चौरस मीटर छप्पर आहे. तेव्हा कोकणच्या पावसात प्रत्येक बाजूस दोन पाइप घेणेच शहाणपणाचे. तोंडाशी जाळी बसवावी, पण ती सपाट नसून घुमटाकार असावी. सपाट जाळीवर आंब्याची दोन पानेही पाट अडवायला पुरेशी होतात.

पाइप जोत्यापाशी संपवला तर सारा खटाटोप व्यर्थ. पूर्वी जे पाणी दहा मीटरवर विखरून पडत होते, ते आता एकाच कोपऱ्यात आपटते. ते गटारापर्यंत, शोषखड्ड्यापर्यंत किंवा टाकीपर्यंत न्यावे. वर्षाला अडीच हजार मि.मी. पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी ८० चौरस मीटरचे छप्पर १ लाख ६० हजार लिटर पाणी देते. पहिल्या सरींचे घाण पाणी मात्र वेगळे सोडावे.

सखल गावठाणात आणखी एक पैलू आहे, तो शेजाऱ्याचा. सभोवतालचा भराव उंच आणि जुने घर खाली, अशा ठिकाणी पाइपाचे तोंड जेथे वळवाल तेथे वाद उभा राहू शकतो. पागोळीच्या जागेवरून भांडणे पूर्वीही होत. १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार सलग २० वर्षे उघडपणे, शांततेने आणि हक्काने चाललेल्या वहिवाटीला संरक्षण मिळू शकते. परंतु विखरून पडणाऱ्या पागोळ्या गोळा करून एका पाइपाने शेजारी सोडणे ही जुनी वहिवाट म्हणता येईलच असे नाही. काम सुरू करण्यापूर्वी शेजाऱ्याशी बोलून पाण्याची वाट ठरवणे हे कोर्टाच्या वाटेपेक्षा केव्हाही स्वस्त.

देखभाल
काम पूर्ण झाल्यावर पन्हळीच्या उंच टोकाला चार-पाच बादल्या पाणी ओतून पाहावे. पाणी कोठेही न थांबता वाहून गेले, सांधे कोरडे राहिले, तरच उरलेली रक्कम चुकती करावी. दरवर्षी मे अखेरीस आणि पावसाळ्यात किमान एकदा पन्हळ साफ करावी. झालरीची खालची बाजू पावसाने धुतली जात नाही. तेथे क्षार साचून गंज आधी तेथेच लागतो, म्हणून उन्हाळ्यात ती गोड्या पाण्याने धुवावी. शिडी पन्हळीला न टेकता भिंतीला टेकवावी, खाली एक माणूस उभा असावा आणि वरून गेलेल्या विजेच्या तारांकडे आधी पाहावे.

शाकारणीमुळे वर्षातून एकदा का होईना, घरमालकाचे लक्ष छपराकडे जात असे. पत्रा आल्यावर ते कष्ट वाचले, पण ती सवयही गेली. पन्हळ भिंत वाचवते. मात्र तिच्याकडे वर्षातून दोनदा मान वर करून पाहायला हवे.