गश्ती निशाण ५३ च्या सावलीत वाढलेली पिढी

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा इतिहास आपण बहुधा उलट्या दिशेने वाचतो. १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख हाताशी धरायची आणि तिथून मागे जात रझाकार, सरहद्दीवरचे कॅम्प, उमरीची बँक असे एकेक टप्पे मोजायचे. यात एक साधा प्रश्न सुटून जातो. १९२० च्या आगेमागे मराठवाड्यात जन्मलेल्या मुलाला ही राजवट आपली नाही, हे नेमके कधी आणि कशामुळे उमगले? त्याने दुसरी राजवट पाहिलेलीच नव्हती. मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आले, म्हणजे या मुलाच्या जन्माआधीपासून तेच राजे होते.

त्याच्या घरात व्यवहार हाली सिक्क्यात चाले. कलदार रुपया हा सरहद्दीपलीकडचा. सोलापूर-बार्शीकडून माल आणायचा तर वाटेत करोडगिरीचे नाके. सरकारी कागदावर तारीख फसली सनाची, महिने आझूर, दै, बहमन. माझ्या लहानपणीही गावातली म्हातारी माणसे शेताच्या वादात ‘तेराशे अमुक फसलीचा कागद’ असे सहज बोलत. ते कागद वाचता यावेत म्हणूनच मी चाळिशीत उर्दू लिपी गिरवायला घेतली. सेतवार आणि मुंतखब चाळताना जाणवले, की रोजच्या जगण्यात राजवट ही तलवारीपेक्षा कागदातून भेटते. आणि तो कागद आपल्या भाषेत नसेल, तर माणूस आपल्याच शेताच्या बाबतीत अडाणी ठरतो.

शाळेतही तेच होते. सुरुवातीच्या इयत्ता मराठीत झाल्या, तरी वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे कौतुक एका अंगाने रास्तच आहे. पाश्चात्त्य विद्या एका भारतीय भाषेतून, तीही पदवीपर्यंत, शिकवण्याचे धाडस तेव्हा विद्यापीठांत विरळच होते. ग्रंथ भाषांतरित करण्यासाठी वेगळा विभाग होता. पदार्थविज्ञानाला तबीयात, रसायनाला कीमिया, गणिताला रियाझी. इंग्रजीच्या ओझ्याखाली पिचलेल्या पुण्या-मुंबईच्या विद्वानांनी हेवा करावा अशी ही गोष्ट. फक्त संस्थानातल्या बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. देशी भाषेचा विजय म्हणून ज्याचा गौरव झाला, तो परभणीच्या मुलासाठी आणखी एका परक्या भाषेचा डोंगर होता.

या डोंगराला वळसा घालणाऱ्या वाटा म्हणजे खाजगी शाळा. औरंगाबादची सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा. विजापूर जिल्ह्यात जन्मलेले आणि कामगार चळवळीतून आलेले व्यंकटेश खेडगीकर हिप्परग्याला शिक्षक म्हणून आले, १९३२ मध्ये संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले, आणि १९३५ पासून अंबाजोगाईत शिकवू लागले. संस्थानातल्या लढ्याचा पुढारी शाळामास्तरांतून निघावा, यात नवल नाही. वकील आणि मास्तर सोडले तर बोलण्याची सवय उरली होती कोणाला?

कारण बोलायला बंदी होती. ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाने सभेला आधी परवानगी घेणे बंधनकारक केले. अशा नियमाचा खरा परिणाम किती सभा मोडल्या यावरून मोजता येत नाही. ज्या सभा घ्यायचे कोणाच्या मनातही आले नाही, त्या मोजायला हव्यात. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा तिथल्या मवाळ मागण्या आज वाचताना हसू येते. पण ज्या प्रदेशात चारचौघांनी एकत्र बसून मागणी करणे हेच नवे होते, तिथे मागणी काय होती याला फारसे महत्त्व नाही.

१९३८ हे वर्ष या पिढीचे. सप्टेंबरमध्ये, स्थापनेआधीच, हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. ऑक्टोबरअखेर सत्याग्रह सुरू झाला. गोविंदराव नानल, स्वामीजी तुरुंगात गेले. ही मोठ्या माणसांची लढाई. मुलांची लढाई नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात पेटली, आणि ती दिसायला अगदी लहान होती: आमच्या प्रार्थनेच्या खोलीत आम्ही ‘वंदे मातरम्’ म्हणायचे की नाही? अधिकाऱ्यांनी मनाई केली, मुलांनी संप केला. लोण हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहात पोचले, मग वरंगळ, गुलबर्गा. शेकडो विद्यार्थ्यांची नावे कमी झाली.

हा वाद धार्मिक होता असे तेव्हाचे सरकार म्हणे, आणि हल्ली काही अभिमानी मंडळी वेगळ्या हेतूने तेच म्हणतात. या गीतावर मुसलमानांचे आक्षेप होते, ते बनावट नव्हते; खुद्द काँग्रेसने १९३७ मध्ये त्यांची दखल घेऊन पहिल्या कडव्यांपुरती मर्यादा घातली होती. तरीही मला वाटते, की वसतिगृहातल्या मुलांना गीताच्या शब्दांपेक्षा ते म्हणण्याचा निर्णय आपला असावा, हे जास्त महत्त्वाचे होते. सभा घेता येत नाही, संघटना काढता येत नाही, मग उरते काय? राहती खोली. तिथेही हुकूम पोचला तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी पाय रोवले.

किंमत लहान नव्हती. संस्थानात पदवी म्हणजे नोकरी, आणि नोकरी म्हणजे साऱ्या घराचा आधार. जमीन गहाण टाकून मुलाला हैदराबादला धाडणाऱ्या बापाला ‘नाव काढले’ ही बातमी कशी लागली असेल, याची नोंद कुठल्या ग्रंथात सापडत नाही. नागपूर विद्यापीठाने दार उघडले, म्हणून अनेकांचे शिक्षण तगले. वरंगळच्या संपात सामील झालेले पी. व्ही. नरसिंह राव याच वाटेने बाहेर पडले. पण ज्यांनी तबीयात आणि कीमिया उर्दूत घोकले होते, त्यांना तेच विषय आता इंग्रजीत नव्याने शिकणे भाग होते. आणि जे नागपूरलाही जाऊ शकले नाहीत, ते गावी परतले. त्यांच्यातूनच पुढच्या दहा वर्षांचे तालुक्या-तालुक्यांतले कार्यकर्ते उभे राहिले.

सगळेच बाहेर पडले नाहीत. निलंग्याला १९१० मध्ये जन्मलेले सेतुमाधवराव पगडी निजामाच्या मुलकी सेवेत होते. अशा माणसांना आपल्याकडे दोन ओळींत निकालात काढतात. पण मराठीला उर्दू काव्याची आणि फारसी साधनांची जी ओळख पगडींनी करून दिली, ती त्या राजवटीच्या भाषेत मुरल्याशिवाय शक्य नव्हती. गेला तो शूर आणि राहिला तो लाचार, ही वाटणी सोयीची आहे. एकाच घरात एक भाऊ कॅम्पवर आणि दुसरा कचेरीत, अशी घरे मी माझ्याच तालुक्यात ऐकली आहेत.

आणि राजवटीला विरोध करणारे केवळ हिंदू घरांतलेच नव्हते. उस्मानियात शिकलेले कवी मखदूम मोहिउद्दीन सिटी कॉलेजातली नोकरी सोडून कम्युनिस्ट चळवळीत गेले. ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू उर्दूत, निजामाच्या राजधानीत मांडली, ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना रस्त्यावर ठार मारले, हातही तोडला. लिहिणारा हात. मराठवाड्यातल्या स्मारकांवर हे नाव मला क्वचितच दिसले.

सप्टेंबरातल्या पाच दिवसांच्या कारवाईने राजवट संपली. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झाले, हे पाहायला भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिचा अंदाज असा, की संस्थानात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, बहुसंख्य मुसलमान. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. अहवाल कित्येक दशके दाबून ठेवला गेला. रझाकारांचे अत्याचार ऐकत मी वाढलो, आणि ते खरेच होते. हा भाग मला कोणी सांगितला नाही.

१९३८ च्या पिढीतल्या काहींनी नव्या राजवटीशीही सरळ नाते ठेवले नाही. गोविंदभाई श्रॉफ मराठवाड्याच्या मागासलेपणासाठी अखेरपर्यंत मुंबईच्या सरकारशी भांडत राहिले. १९१९ चा जन्म असलेले अनंत भालेराव ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक झाले आणि आणीबाणीत, साठीकडे झुकताना, स्वतंत्र देशाच्या तुरुंगात बसले.

उस्मानियाचे माध्यम कारवाईनंतर लवकरच बदलले. उर्दू गेली, इंग्रजी आली. तेलुगू, मराठी, कन्नड तेव्हाही बाहेरच राहिल्या. त्या वर्षी वर्गात बसलेली उर्दू घरांतली मुले अठरा-एकोणीस वर्षांची होती. ‘वंदे मातरम्’च्या मुलांनी दहा वर्षांपूर्वी नागपुरात जसे केले, तसेच त्यांनी तबीयात आणि कीमियाची पुस्तके मिटली आणि तेच विषय पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.