पढावलीची गढी: मोडलेलं देऊळ की वाचलेलं?

ग्वाल्हेरला पाहुणे आले की आपण त्यांना किल्ला, सास-बहू आणि जयविलास दाखवतो. फार तर तानसेनची समाधी. पढावलीला कुणी नेत नाही. खरं तर भिंड रस्त्याने निघून रिठौऱ्याकडे वळलं की सुमारे ४० किलोमीटरवर हे छोटं गाव लागतं. जिल्हा मुरैना. गव्हा-मोहरीची शेतं, मागे वालुकाश्माच्या टेकड्या आणि गावालगत उंच जोत्यावर उभी गढी. गावाच्या मानाने इतिहास फार मोठा.

गढीच्या पायऱ्यांशी दोन्ही बाजूंना दगडी सिंह आहेत. वर चढून आत गेलं की कोठारं किंवा राहती घरं दिसतील असं वाटतं, पण समोर येतो देवळाचा सभामंडप. हे दहाव्या-अकराव्या शतकातलं शिवमंदिर. गाभारा आणि शिखर राहिलेलं नाही. मंडप मात्र उभा आहे, आणि मान वर केली की तुळयांवर वीतभर जागा मोकळी दिसत नाही. ब्रह्मा, विष्णू, शिव, सूर्य, समुद्रमंथन, मिरवणुका, सगळं दाटीवाटीने कोरलेलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मान दुखेपर्यंत बघत राहिलो होतो.

आता गढीची गोष्ट. जाट राण्यांनी देवळाभोवती तट घातला आणि देवळाचेच चिरे त्यासाठी वापरले. सहसा असं सांगितलं जातं की हे काम एकोणिसाव्या शतकातलं, धौलपूरच्या राण्यांचं. मला इथे एक अडचण दिसते. हे राणे मूळ गोहदचे. १७८० मध्ये इंग्रजांच्या पॉपहॅमने रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला मराठ्यांकडून घेतला, तेव्हा गोहदकर त्यांच्या बाजूला होते. पुढे १७८२ चा सालबाईचा तह झाला आणि महादजींनी किल्ला परत मिळवला. त्यानंतर इंग्रजांशी झालेल्या १८०५ च्या तहात गोहद दौलतराव शिंद्यांकडे आलं, चंबळ ही सीमा ठरली आणि राण्यांना नदीपलीकडचं धौलपूर मिळालं. पढावली चंबळेच्या अलीकडे, म्हणजे शिंद्यांच्या मुलखात. मग धौलपूरकर इथे येऊन गढी कशाला बांधतील? म्हणून मला वाटतं, निदान तटाची सुरुवात तरी १८०५ च्या आधीची, गोहदकरांच्या काळातली असावी. ग्वाल्हेरच्या मराठी फौजेवर नजर ठेवायला ही टेकडी सोयीची होती. आपले पूर्वज १८१० मध्ये दौलतरावांबरोबर लष्करात स्थिरावले, त्याआधीच्या धामधुमीची ही खूण आहे.

मागच्या खेपेला बरोबर आलेला भाचा वैतागून म्हणाला, “मामा, देवळाची वाट लावली की हो या लोकांनी! हा तट काढून टाकायला नको का?” प्रश्न चुकीचा नाही. पण तट काढला तर काय होईल? चिरे देवळाचे असले तरी कुठला चिरा कुठे होता हे आज कळायला मार्ग नाही. शिवाय सभोवती तट होता, माणसांचा वावर होता, तेव्हा मंडपाचे दगड घरा-विहिरींना गेले नाहीत असंही म्हणता येईल. ज्यांनी देऊळ मोडलं त्यांच्याचमुळे उरलेलं वाचलं असेल. दोन्ही गोष्टी एकाच भिंतीत आहेत, आणि ती भिंतही आता इतिहासच आहे.

दगड परत जुळवता येतात तिथे ते जरूर जुळवावेत. त्याचं उदाहरण पढावलीच्या शेजारीच आहे. बटेश्वरला आठव्या ते दहाव्या शतकांतली, प्रतिहार काळातली सुमारे दोनशे लहान-मोठी देवळं होती. कनिंगहॅम १८८२ मध्ये इकडे येऊन गेला, त्याने शंभरावर देवळांची नोंद केली. नंतर बहुतेक सगळ्यांचा ढिगारा झाला. २००५ पासून पुरातत्त्व खात्याच्या के. के. मुहम्मद यांनी पडलेले दगड एकेक ओळखून ऐंशीच्या आसपास देवळं पुन्हा उभी केली. तिथे दगड जागच्या जागी पडलेले होते म्हणून ते जमलं. गंमत बघा, या टेकड्यांत डाकूंचा वावर होता तोवर दगडखाणवाले फिरकत नव्हते. निर्भय गुज्जर २००५ च्या नोव्हेंबरात मारला गेला, भीती ओसरली आणि सुरुंगांचे आवाज वाढले. सुरुंगाच्या धक्क्याला नवं-जुनं देऊळ कळत नाही.

या कामाला आपल्याकडे परंपराही आहे. शिंदे सरकारने १९१३ मध्ये पुरातत्त्व खातं काढलं, त्याचे प्रमुख मो. ब. गर्दे. गुजरी महालातलं संग्रहालय त्यांनीच उभारलं, आणि पढावलीच्या मूर्ती तिथे आजही बघायला मिळतात. गर्द्यांचं मोठेपण मला असं वाटतं की त्यांनी गावोगाव फिरून आधी यादी केली. यादीत आलेली वस्तू हरवली तर निदान हरवली हे कळतं.

तेच आपल्याला करता येईल. पुढच्या सहलीला मंडपातल्या तुळयांचे फोटो सगळेच काढतील. दोघा-तिघांनी तटाकडे तोंड करून उभं राहावं. भिंतीत उलटे-सुलटे बसवलेले नक्षीचे चिरे एका टोकापासून मोजावेत, त्यांचे फोटो आणि मापं घ्यावीत. एका दिवसात होणार नाही. पण डबा बरोबर घेऊन हिवाळ्यातले दोन-तीन रविवार दिले, तर गढीच्या भिंतीत किती देऊळ शिल्लक आहे, ते तरी सांगता येईल.