कारागिराचे नाव : भाई रामसिंग

आपल्या सुतार समाजाच्या इतिहासात एक मोठी उणीव आहे. वाडे उभे आहेत, देवळांचे सभामंडप उभे आहेत, घरोघरी देव्हारे व पाळणे आहेत. परंतु ते कोणाच्या हातचे, हे सांगणारे अक्षर त्यांवर सहसा आढळत नाही. म्हणून ज्याचे नाव नोंदींत टिकले अशा एका सुतारकुलोत्पन्न कलावंताचा परिचय या स्मरणिकेच्या द्वारे समाजबांधवांस करून द्यावा, असे आम्हांस वाटले.

भाई रामसिंग यांचा जन्म १८५८ साली पंजाबातील गुरुदासपूर जिल्ह्यात झाला. त्यांचे कुल रामगढिया. म्हणजे शिखांतील सुतार, लोहार व गवंडी यांच्या समाजातले. त्यांचा व आपला प्रांत वेगळा, भाषा वेगळी. पण करवत, रंधा आणि किकरे यांचे नाते आहेच.

१८७५ साली लाहोरास मेयो कलाशाळा निघाली व रामसिंग तिच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत दाखल झाले. शाळेचे पहिले प्राचार्य जॉन लॉकवूड किपलिंग हे महाराष्ट्रास अपरिचित नव्हते. १८६५ पासून दहा वर्षे ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिक्षक होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील उठावचित्रे त्यांच्याच कल्पनेची. विद्यार्थ्यांनी विलायती नमुने गिरवीत न बसता आपल्याच मुलखातील कारागिरी डोळसपणे पाहावी, असा त्यांचा आग्रह असे.

पंजाबात अशी कारागिरी विपुल होती. तेथील ‘पिंजरा’ काम पाहा. लाकडाच्या बारीक पट्ट्या ठराविक कोनांत कापून एकमेकींत बसवावयाच्या आणि तारे, षट्कोन यांची जाळी उभी करावयाची. एक सांधा किंचित चुकला तरी सारी जाळी वाकडी होते. ही भूमिती कारागिरांच्या बोटांत होती. शाळेने रामसिंगांस ती मोजमापासह कागदावर मांडण्यास शिकविले. हाताची विद्या आणि रेखाटनाची विद्या एका ठिकाणी आली, आणि मिस्त्री हा योजक झाला.

याचे फळ लवकरच दिसले. इंग्लंडात बॅगशॉट पार्क येथील ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या प्रासादातील बिलियर्डच्या दालनासाठी कोरीव लाकूडकाम पंजाबात तयार होऊन समुद्रापार गेले. पुढे व्हिक्टोरिया राणीने वाइट बेटावरील ऑस्बोर्न प्रासादात मेजवान्यांसाठी दरबार-दालन सजविण्याचे योजिले. त्या कामासाठी १८९१ साली रामसिंग इंग्लंडास गेले व सुमारे दोन वर्षे तेथे राहिले. येथे भिंती व छत यांचे बहुतेक नक्षीकाम साच्यांतून ओतावयाचे होते. लाकडावर तयार झालेली नजर त्यांनी या नव्या द्रव्यासही लावली. शेगडीच्या वर त्यांनी योजिलेला भव्य मोर आजही तेथे पाहावयास मिळतो. १८९२ साली राणीच्या आज्ञेने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराने रामसिंगांचे चित्र काढले. एका सुताराच्या मुलाचे चित्र राजसंग्रही राहिले!

मायदेशी परतल्यावर अमृतसरच्या खालसा कॉलेजाची इमारत त्यांच्या आराखड्यांवरून उभी राहिली. १९१० साली ज्या शाळेत ते शिकले तिचेच ते प्राचार्य झाले. १९१३ मध्ये निवृत्त होऊन १९१६ मध्ये ते निवर्तले.

इतके होऊनही, दरबार-दालनाचा विषय निघाला की किपलिंग यांचेच नाव पुष्कळदा पुढे होत असे. २००६ साली लाहोरच्या परवेझ व साजिदा वंदल या दांपत्याने रामसिंगांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे मृत्यूनंतर नव्वद वर्षांनी! त्यांना राजाश्रय होता, चित्र होते, कागदपत्रे होती. तरी एवढा काळ लागला. मग ज्यांच्यामागे कागदाचा एक कपटाही नाही, त्या आपल्या आजे-पणज्यांची काय कथा?

आज आपली मुले फर्निचरची आखणी महाविद्यालयांत शिकत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसून सांध्यांची नावे व लाकडाची पारख विचारून घ्यावी, आणि वडीलधाऱ्यांनीही हातचे राखून न ठेवता सांगावी. प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. कोणत्या गावचे कोणते काम कोणी केले, कोणत्या साली केले, ते तीत नावानिशी लिहावे. पुढील स्मरणिकेसाठी याहून मोलाचा मजकूर आमच्याकडे येऊ शकणार नाही.